साबणवाल्यांचा तांब्या

कार्ड शनिवारी आलं होतं. नेहमीसारखंच छापील, कडा पिवळ्या पडलेलं. 'आमचे प्रतिनिधी श्री. दिगंबरराव मंगळवार रोजी आपल्या सेवेस हजर होत आहेत. तरी ऑर्डर राखून ठेवावी, ही विनंती.' नाव आणि वार तेवढा हातानं लिहिलेला. खाली कोरी जागा होती तिथं ऑर्डर त्यांनीच लिहून टाकली होती : ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरून लसणाचं तेल. त्यांची साबणाची कंपनी बंद पडून जमाना झाला, पण कंपनीची कार्डं संपली नव्हती. वर्षातून एकदा तिकीट चिकटवून एक कार्ड यायचं आणि त्यामागून माणूस यायचा. मंगळवारी मी भाजी करून ठेवली. दुपारची गाडी फाट्यावर थांबली. दोन बाया उतरल्या, कोंबड्यांची डाल उतरली, गाडी गेली. मला वाटलं, चुकली असेल. ऐंशीला टेकलेल्या माणसाची गाडी चुकते. दिवे लागायच्या सुमाराला त्यांच्या मुलाचा फोन आला. नांदेडच्या स्टँडवर भोकरच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसले होते, तिथंच गेले म्हणाला. मी रडले नाही. मला एकच गोष्ट विचारायची होती, ती विचारली.

"तोंडात पाणी कुणी घातलं का रे?"

तो म्हणाला, "काकू, मी लातूरहून पोचलो तवर त्यांना दवाखान्यात नेलतं. तिथं नेलं तवाच काही राहिलं नव्हतं म्हणे. स्टँडवर जवळ कोण होतं, कोण न्हवतं... मला काय ठाऊक?"

हा प्रश्न मी का विचारला ते सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळापासून सांगावं लागेल. मी चौथी शिकलेली बाई आहे, सजवून लिहिता येत नाही. आणि ह्यात चूक माझी आहे, म्हणून सजवायचं कारणही नाही.

भोकरच्या पुढं इस्लापूरच्या वाटेवर आमचं गाव. पुढं दुकान, मागं घर. मिठापासून कंदिलाच्या काचेपर्यंत सगळं दुकानात असायचं. त्या साली मात्र परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि काडेपेटी सोडून काही खपत नव्हतं. गावातली विहीर आटली होती. दोन कोसांवर एका मळ्यातल्या विहिरीला पाणी होतं, तिथं पहाटे जाऊन रांगेत बसायचं, तेव्हा घराला एक घागर मिळायची. मालक, म्हणजे माझा नवरा, लिंगाच्या पूजेआधी अंघोळ केल्याशिवाय राहायचे नाहीत, ती अंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायचे. त्यात सासू हगवणीनं पडली. लुगडी भरायची, ती धुवायला पाणी नाही, म्हणून मागच्या अंगणात एका टोपल्यात टाकून वर राख पसरून ठेवलेली. चार दिवसांची लुगडी. वासानं शेजारीण दार लावून घ्यायची. घागरीतलं पाणी मी फक्त म्हातारीच्या तोंडात चमच्या-चमच्यानं घालत होते.

अशा दिवसांत फाट्यावर एक माणूस उतरला. पांढरा सदरा, काळी पेटी, आणि माणसाच्या आधी त्याचा वास आला. साबणाचा. गावात त्या वेळी कुणालाच साबणाचा वास येत नव्हता, त्यामुळं बाया आपोआप दुकानापाशी जमल्या. कंपनीचा हुकूम असा होता की प्रत्येक गावात लोकांपुढं धुऊन दाखवायचं. दुकानदाराचं मळकं धोतर मागायचं, मधोमध दोरा बांधायचा, एक अर्धं कंपनीच्या साबणानं धुवायचं, दुसरं साध्या साबणानं, मग दोन्ही अर्धी उचलून दाखवायची. दुकानदाराकडं बादलीभर पाणी मागायचं, असंही त्या हुकमात होतं. हुकूम काढणारा मुंबईत नळाखाली बसला असेल. मालकांना पाहुण्यापुढं नाही म्हणणं जमायचं नाही. मी मागं चुलीशी होते. त्यांनी आत येऊन घागर उचलली आणि बाहेर नेऊन बादलीत रिकामी केली. विचारलंसुद्धा नाही. मी बाहेर आले तेव्हा बादलीत फेस झाला होता आणि तो माणूस हसत हसत फेस हातावर घेऊन बायांना दाखवत होता.

मी काय बोलले ते मला अक्षरनअक्षर आठवतं. "साबण इकायला आलास का पाणी नासायला? माझी म्हातारी त्या घागरीवर जगून राहिली. तुझ्या मरणाच्या टायमाला तोंडात पाणी घालायला कोनी गावायचं न्हाई, बघ."

मालक म्हणाले, "आगं, पाव्हण्याला आसं बोलत्यात का?"

"तुमी गप बसा. घागर उचलताना कुठं गेलतं तोंड?"

शिवी चालते. शाप चालत नाही. बाया मागं सरकल्या. तो माणूस तसाच उभा, हातावर फेस. वय असेल पंचविशीचं. मी मागं गेले, ते लुगड्यांचं टोपलं आणलं आणि त्याच बादलीत, त्याच फेसात, सगळ्यांसमोर एकेक लुगडं घासून काढलं. पाणी काळं झालं, तरी फेस मोडला नाही. साबण चांगला होता. तेवढं मी त्या रागातही बघितलं, आणि बायांनीही बघितलं. धोतराच्या त्या खेळापेक्षा तो डेमो भारी झाला. पण त्या साबणवाल्यांनी ऑर्डर घेतली नाही. पेटी मिटली, माझी रिकामी घागर उचलली आणि मळ्याच्या वाटेला लागले. कुणाला काही विचारलं नाही, पाणवठ्याची वाट पायानं मळलेली दिसतेच. भाकरीची वेळ टळून गेल्यावर परत आले. घागर खांद्यावर, बायांसारखी कमरेवर घ्यायचं ठाऊक नाही, त्यामुळं अर्धं पाणी सदऱ्यावर. विहिरीवरच्या बाया त्यांना म्हणाल्या होत्या, "बाप्येबी पाण्याला आले गं. आता पाऊस पडतोय बगा." हे त्यांनीच नंतर किती वेळा हसून सांगितलं. त्या दिवशी हसले नाहीत. अर्धी घागर उंबऱ्याशी ठेवली, म्हणाले, "एवढंच ऱ्हायलं बगा, वहिनी," आणि चुकलेल्या गाडीऐवजी भोकरला पायी निघाले. सासू त्या दुखण्यातून उठली आणि पुढं पुष्कळ वर्षं मला बोल लावायला जगली.

पुढच्या महिन्यात कार्ड आलं आणि कार्डामागून ते आले. हातात काळी पेटी, खांद्याला फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या, गळ्यापर्यंत भरलेला. नांदेडच्या नळाचं पाणी. डेमो आता धोतराऐवजी हातरुमालावर, वाटीभर पाण्यात. उरलेलं पाणी उंबऱ्याशी ओतून द्यायचे, माझ्या घागरीत. त्या तांब्याची फिरकी जरा झिजलेली होती, म्हणून झाकणाखाली फडकं घालून वरून सुतळीनं बांधलेला असायचा. दुष्काळ सरला, विहिरीला पाणी आलं, गावात नळही आला, तरी तांब्या भरून आणायचं त्यांनी सोडलं नाही. वाटेत तहान लागली तरी तो उघडायचे नाहीत, स्टँडवरच्या टाकीचं पाणी प्यायचे. भोकरच्या स्टँडवर दुसरे एजंट चेष्टा करायचे, "काय दिगंबरराव, अभिषेकाला निघाले का?" ते म्हणायचे, "एका बाईचा शाप हाय. तांब्या सोडून जमत न्हाई."

फिरतीचं आयुष्य मी त्यांच्याकडून ऐकलं, उंबऱ्याच्या आत बसून. महिन्यातले चार दिवस लातूरला घरी, बाकीचे गाडीत. सदरे दोनच. एक अंगावर, दुसरा नमुन्याच्या साबणानं स्टँडच्या नळावर धुऊन गाडीच्या खिडकीला बांधायचा, किनवट येईपर्यंत वाळतो. लाल मातीच्या दिवसांत धुतलेला सदरा वाळताना लाल व्हायचा, मग डेमो करायची लाज वाटायची. लॉजवर खाट मिळाली तर ढेकूण, नाही मिळाली तर पेटीवर डोकं. कुठल्या खानावळीत डाळ पातळ, कुठला कंडक्टर पेटी टपावर टाकायला लावतो, कुठल्या दुकानात मालकाला आधी चुलत्याची तब्येत विचारावी लागते, हे सगळं तोंडपाठ. आणि ती कार्डं. मी एकदा म्हटलं, "साबणवाले, हे 'आमचे प्रतिनिधी' म्हंजी कोन हो?"

"मीच की ओ."

"मग सोताच सोताला 'आमचे' म्हनता?"

"सवय झाली, वहिनी. घरीबी हेच कार्ड टाकतो. बायको खाली ऑर्डर लिहून परत टपालात टाकती. पोरीला वह्या, आईला चष्मा. मी नांदेडातून घेऊन जातो."

मी त्यांना नावानं कधी हाक मारली नाही. शेवटपर्यंत साबणवालेच.

मालक गेले ते ट्रकवरून मिठाचं पोतं उतरवताना पडून. दोन दिवस नांदेडच्या दवाखान्यात होते. माझ्या पदरात दोन मुली, सासू, आणि दुकान. दिवस झाल्यावर धाकटा दीर गल्ल्यावर येऊन बसला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं म्हणणं ठरलेलं होतं. "वहिनी, तुमी आत बघा. एजंट लोकांशी बाईमानसाला बोलता येत न्हाई." मग चहावाला आला, त्यानं दिराला विचारलं. बिस्किटवाला आला, त्यानं दिराला विचारलं. दिराला शेतातलं कळतं, दुकानातलं नाही. न खपणारा माल येऊन पडायला लागला. मी पडद्याआडून ऐकायची. दुकान हातातून गेलं तर मला माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली राहायचं होतं, हे मला कळत होतं आणि दिरालाही कळत होतं. त्या महिन्याच्या मंगळवारी साबणवाले आले. तांब्या उंबऱ्याशी ठेवला, ऑर्डरबुक काढलं आणि गल्ल्याकडं न बघता पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "वहिनी, काय लिहू?"

दीर म्हणाला, "मी बसून राहिलो की हितं. मला विचारा."

"तुमी कपडे धुता का?"

"आँ?"

"साबन घासतं कोन घरात? कुठला साबन हाताला खातो, कुठला टिकतो, हे घासनाऱ्याला ठाऊक. मी घासनाऱ्याला विचारून राहिलो."

मी पडदा सारून बाहेर आले आणि बोलले. कपड्याचा एवढा, अंगाचा एवढा, पावडर नको, पावडरला आमच्याकडं बादली लागती. त्यांनी लिहून घेतलं. दुकानदाराचं नाव लिहायच्या जागी माझं नाव घातलं, श्रीमती लावून, आणि पेन माझ्या हातात दिलं. चौथीनंतर मी पहिल्यांदा सही करत होते. अक्षर ओळीबाहेर गेलं. "जाऊ द्या," म्हणाले, "ओळ कंपनीची हाय." भोकरला जाऊन त्यांनी बाकीच्या एजंटांना काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण पुढच्या आठवड्यात चहावाला आला तो थेट "बाई, काय लिहू?" म्हणतच आला. दीर दोन महिन्यांनी शेतावर गेला, रागावून नाही, कंटाळून.

त्याच दिवसांत त्यांनी मला गाठ शिकवली. मालक पुडक्याला निरगाठ मारायचे, तीच मी मारायची. ते म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाइकानं घरी जाऊन सुरी हुडकत बसू ने. सुरगाठ मारा. धरती घट्ट, आन एका वढीत सुटती." तांब्याला तीच असायची, डाव्या बाजूला छोटा फास ठेवलेली. पन्नास वर्षं मी पुडकी बांधली. ज्याची त्याची गाठ मी ओळखते, जसं मास्तर अक्षर ओळखतात.

पुढं लातूर जिल्हा झाला. लातूरला फटाके वाजले म्हणे, आमच्याकडं त्याचं काही नव्हतं, आम्ही आधी नांदेडचे आणि नंतरही नांदेडचे. त्या मंगळवारी साबणवाले आले ते पेटी न उघडताच बसले. कंपनीनं लातूरला डेपो टाकला होता. त्यांची लाईन आता औसा, निलंगा, उदगीर. घराजवळ. रोज रात्री घरी जेवायला.

"चांगलं झालं की," मी म्हटलं.

"हाव. चांगलंच झालं." मग कितीतरी वेळ तांब्याची फिरकी उगीच फिरवत बसले. म्हणाले, "हा तांब्या हितंच ठेवू का? निलंग्याला पानी हाय."

"मला कशाला? तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. शाप हाय न्हवं तुमाला."

हसण्यावारी नेलं मी. तेव्हा म्हणता आलं असतं की शाप मागं घेतला. घेतला नाही. त्यांच्या जागी नवा एजंट आला, टेरिकॉटच्या पँटीतला. "मालक कुठंत?" म्हणाला.

"मीच. लिही."

"न्हाई, घरात कोनी मोठं..."

"माझ्यावून मोठी सासू हाय. बहिरी हाय. बोलतो का तिच्याशी?"

त्यानं लिहिलं.

साबणवाले मात्र वर्षातून एकदा येतच राहिले, आपल्या खर्चानं, सुट्टी टाकून, आधी कार्ड टाकून. लातूरहून तांब्या भरून निघायचे, नांदेडला गाडी बदलायचे, दुपारी फाट्यावर उतरायचे. जेवायचे, मुलींची चौकशी करायचे, दुकानातल्या साबणांचे वास घेऊन नाक मुरडायचे, चारच्या गाडीनं परत. बायको गेली त्या वर्षीसुद्धा आले. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात आले तेव्हा मी त्यांना प्रथमच खाली बघताना पाहिलं. तांब्या रिकामा होता. "ह्या खेपेला न्हाई जमलं, वहिनी. नळाला पंधरा दिवस झाले, थेंब न्हाई. सुनेनं दिलं आसतं घरातलं, मीच घेतलं न्हाई." मी तांब्या आत नेला, आमच्या हौदाच्या पाण्यानं घासला, गळ्यापर्यंत भरला. त्यांच्या हातात देताना शब्द अगदी ओठाशी आले होते. शापाचं म्हणायचं होतं... पण तोंडातून निघालं ते, "चला उठा, गाडी जाईल." मला असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. भांडता येतं.

तर असं सगळं. म्हणून मी मुलाला तो प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. भरल्या स्टँडवर, शेकडो माणसांत, बाकड्यावर एकटं माणूस बसल्या जागी गेलं. मी बोलले होते तसंच. शापाबिपावर माझा विश्वास नाही, दुकानात बसणाऱ्या बाईला तो परवडत नाही. तरी ते तेरा दिवस मला जेवण गेलं नाही, हे खरं आहे.

चौदाव्या दिवशी मुलगा आला. हातात कापडी पिशवी. दवाखान्यातून जशी दिली तशी आणली म्हणाला, पिशवीत माझं नाव-पत्ता लिहिलेलं, बाकी कोरं असं एक कार्ड होतं, म्हणून. आणि तांब्या. "उघडला न्हाई आमी. आत पानी वाजून राहिलं." मी तांब्या घेतला आणि सवयीनं डाव्या बाजूला फास शोधला. फास नव्हता. सुतळी दोनदा गुंडाळून घट्ट निरगाठ मारली होती, गावठी, अशी की ओढली तर आणखी आवळते.

"काय बघून राहिल्या, काकू?"

"गाठ."

"बाबांचीच आसंल की."

"न्हाई. ही तुझ्या बापाची न्हाई."

गोणी शिवायचं दाभण घेऊन मी ती गाठ हळूहळू सैल केली. सुतळी कापायची नव्हती. झाकणाखालचं फडकं उलटं घातलेलं होतं, ओलं कधीचंच वाळलेलं. तांब्या गळ्यापर्यंत नव्हता. दोन-तीन बोटं खाली होता. दोन घोट, फार तर तीन. मुलगा म्हणाला, सांडलं असेल. नसेल सांडलं. सांडून कुणी निरगाठ बांधून ठेवत नाही. माझ्या दारात येईपर्यंत तो तांब्या ज्यानं कधी उघडला नाही, त्याच्यासाठी कुणीतरी तो उघडला. एका ओढीत सुटला असेल. पाणी दिलं, झाकण लावलं, आणि आपल्याला येत होती ती गाठ मारून पिशवीत ठेवून दिला. बाई होती की बाप्या, भोकरला जाणारं होतं की परभणीला, मला कळायचं कारण नाही. त्या माणसाला गाठ नीट येत नव्हती, एवढंच मला कळलं. तेवढं पुरलं. त्या दुपारी मी आणि मुलगा, आम्ही दोघं भाकरी-अंबाडी जेवलो.

शेवटचं कार्ड दुकानातल्या तारेत बाकीच्या कार्डांवर ओवून ठेवलंय. तांब्या गल्ल्याशेजारी असतो, रोज सकाळी घासून गळ्यापर्यंत भरते. फाट्यावर गाडीची वाट बघणारं कुणी आलं तर त्यातलं पाणी पितं. नात म्हणते, आजी, आता फिरकीला वायसर बसवून घेऊ, सुतळी कशाला? मी बसवू देत नाही. फडकं घालते, सुतळी गुंडाळते, डाव्या बाजूला फास ठेवते. एका ओढीत सुटली पाहिजे. कुणाला कधी लागेल, सांगता येत नाही.